शिक्षक व्हायचंय? आधी कितवीला शिकवायचं ते ठरवा

मे-जून आला की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. कुणाचं बी.एस्सी. नुकतंच झालेलं असतं, कुणी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणाची मुलं शाळेत जायला लागलेली असतात आणि आता कुठे स्वतःकडे बघायला सवड मिळालेली असते. प्रश्न सगळ्यांचा एकच: "मॅडम, बी.एड. करू का?" मी उलट विचारते, "कितवीच्या मुलांना शिकवायचंय?" बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. खरं तर पदवी कोणती घ्यायची, परीक्षा कोणती द्यायची, हातात किती पडणार आणि किती वर्षं वाट बघावी लागणार, हे सगळं त्याच उत्तरावर ठरतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नव्या शिक्षकांची निवड असते तेव्हा त्यांचे पाठ बघायला मला बसवतात. फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, ते इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे.

वर्ग ठरला की पदवी ठरते

पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. करा. पूर्वी यालाच डी.एड. म्हणायचे. प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, तरीही "बी.एड. मोठी पदवी, ती सगळीकडे चालेल" असं सांगणारे लोक अजून भेटतात. त्यांच्या भरवशावर दोन वर्षं घालवू नका. ज्यांना खरोखर लहान मुलांत रमायला आवडतं, त्यांनी डी.एल.एड.ला कमी लेखू नये. पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं हे मला दहावीची भूमिती शिकवण्यापेक्षा अवघड वाटतं.

सहावी ते आठवीसाठी पदवी हवी आणि जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. बी.एड. दोन वर्षांचं आहे, प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. ज्यांची बारावी नुकतीच झाली आहे आणि शिक्षकच व्हायचं हे पक्कं आहे, त्यांनी पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही पाहावा, त्यात एक वर्ष वाचतं.

बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती, म्हणजे पुढे शाळेत शिकवायचे विषय, निवडायच्या असतात. तिथे मैत्रिणीने घेतलं म्हणून घेऊ नका. जागा विषयानुसार निघतात आणि तुमच्या पदवीचा विषय आणि पद्धती जुळल्या नाहीत तर अर्जाच्या वेळी अडतं. पदवीला जो मुख्य विषय होता तो पहिल्या पद्धतीत आलाच पाहिजे. आणि "कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणाऱ्या कॉलेजच्या वाटेला जाऊ नका. एक तर मान्यतेचा घोळ निघू शकतो. दुसरं म्हणजे बी.एड.मधलं सगळ्यात मोलाचं जे असतं ते सराव पाठ आणि शाळेतली इंटर्नशिप. मुलांसमोर उभं राहून, मागे बसलेल्या प्राध्यापकांनी टाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, लाल पेनाने शेरे मारून जे शिकायला मिळतं, ते नंतर नोकरीत कुणी शिकवत नाही.

प्रवेश घ्यायच्या आधी एक काम करा. जवळच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, तुम्हाला ज्या इयत्तेला शिकवावंसं वाटतं त्या वर्गात आठवडाभर मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. बहुतेक मुख्याध्यापक देतात. आठवीचा वर्ग मधल्या सुट्टीनंतर कसा असतो, पासष्ट मुलांच्या वह्या तपासायला किती वेळ लागतो, हे बघा. ज्यांना आठवड्याच्या शेवटी पुढच्या सोमवारी पुन्हा जावंसं वाटलं, त्यांनी खुशाल अर्ज भरावा.

टीईटी, टेट आणि पवित्र

या दोन परीक्षांत लोक नेहमी गोंधळतात. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर ती उत्तीर्ण व्हावीच लागते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 गुण, वेळ अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या वर्गाला 60 टक्के आणि आरक्षित वर्गाला 55 टक्के लागतात. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी असेल तरीही चालतं. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं. त्यामुळे परीक्षा केंद्रावर तुमच्या शेजारी तुमच्याच शाळेतले सर बसलेले दिसले तर नवल वाटू देऊ नका.

टीईटीत मुलं बालमानसशास्त्रात अडतात, कारण पियाजे, वायगॉट्स्की ही नावं पाठ करतात आणि प्रश्न मात्र वर्गातल्या प्रसंगावर येतो. मूल चुकलं तर शिक्षकाने आधी काय करावं, असा तो प्रश्न असतो. मागच्या बाकावर बसून जो आठवडा काढलात तो इथे कामाला येतो. पर्याय वाचताना "या मुलाने असं का केलं असेल" हे शोधायला लावणारा पर्याय बहुधा बरोबर निघतो.

टेट ही वेगळी परीक्षा. तिचं पूर्ण नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. हिच्यात पास-नापास नाही, हिच्या गुणांवर भरती होते. नववी ते बारावीला टीईटी लागत नाही, पण टेट लागतेच. 200 प्रश्न आणि 120 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. संगणकावर होते. त्यातले 120 प्रश्न अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. विषयात हुशार असलेली मुलं इथे मागे पडतात, कारण एका अवघड प्रश्नाशी झुंजत बसतात. तुम्ही सरावच असा करा की प्रश्न वाचून झाल्यावर मार्ग दिसला नाही तर पुढे जायचं. रोज अर्धा तास, घड्याळ लावून. पुस्तकात बघून सोडवलेल्या प्रश्नांना सराव म्हणू नका.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही परीक्षा पहिल्यांदा डिसेंबर 2017 मध्ये झाली, मग 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि नंतर 2025 च्या मे-जूनमध्ये. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेत पाच वर्षांचं अंतर पडलं. "जाहिरात आली की अभ्यासाला लागू" म्हणणाऱ्यांची संधी एका झटक्यात काही वर्षं पुढे जाते. पदवी हातात यायच्या आधीपासून तयारी ठेवा.

टेटनंतर सगळं काम पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, चालतं. आधी आपली माहिती भरून स्वप्रमाणपत्र करायचं, मग आपल्या पात्रतेनुसार जागा दिसतात, मग पसंतीक्रम लावून तो लॉक करायचा. लॉक केला नाही तर लावलेला क्रम धरला जात नाही. क्रम लावताना घरच्यांना शेजारी बसवा आणि मोकळेपणाने बोला. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यात, नंदुरबारच्या पाड्यावर जायची तयारी असेल तर टाका आणि मनापासून जा. तिथल्या मुलांना चांगल्या शिक्षकाची गरज आहे. पण जायचंच नसेल तर केवळ संख्या वाढवायला तो जिल्हा टाकू नका. नियुक्ती मिळून हजर न होणारा उमेदवार दुसऱ्याची जागा अडवतो आणि तिथल्या वर्गाला पुन्हा शिक्षक मिळत नाही.

पगाराचंही सरळ सांगते. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन असतं. 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये महिना. घरापासून दूर खोली घेऊन राहायचं तर त्यात ओढाताण होते, ती धरूनच निघा. तीन वर्षांनी वेतनश्रेणी लागते, प्राथमिकची सुरुवात 29,200 मूळ वेतनावर होते आणि माध्यमिकची 38,600 वर. भत्ते वेगळे.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दीड एकर विकून एका संस्थेला पैसे दिले होते. मुलगा काही वर्षं त्या शाळेत बिनपगारी राबला आणि मान्यता आलीच नाही. पद मंजूर असलं पाहिजे, भरती नियमाने झालेली असली पाहिजे, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आली पाहिजे आणि मग शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक, मिळाला पाहिजे, तरच सरकारी पगार सुरू होतो. यातलं एक जरी नसलं तर "वर बोलणं झालंय" या शब्दाला काही किंमत नाही. 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, त्यात अधिकाऱ्यांना अटक झाली. अशा वाटेने लागलेली नोकरी कधीही हातून जाऊ शकते. दोन टेट हुकल्या तरी चालेल, जमीन विकू नका.

पाठ कसा द्यावा

पवित्रमधून खाजगी संस्थांच्या काही जागा मुलाखतीसह भरतात. एका जागेसाठी अनेक उमेदवार येतात, मुलाखत आणि अध्यापन कौशल्य यांना मिळून 30 गुण असतात. इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांत तर बहुतेकदा पाठ बघूनच निवड करतात. तेव्हा यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण एवढं एकच काम पूर्ण तुमच्या हातात असतं.

आमच्याकडे सहावीला भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज हा घटक मी मुद्दाम देते. बहुतेक उमेदवार फळ्याकडे वळतात, शीर्षक लिहितात, त्याखाली रेघ ओढतात, भिन्नच्छेद म्हणजे काय याची व्याख्या लिहितात, लसावि काढायची कृती सांगतात आणि विचारतात, "समजलं का?" मुलं एका सुरात "हो" म्हणतात. पाठ संपतो. काहीही चुकलेलं नसतं आणि कुणी काही शिकलेलंही नसतं.

मागे एक मुलगी आली होती, गावाकडची, बोलताना थोडी अडखळणारी. तिने फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, आणि मुलांना म्हणाली, तुम्हाला वाटतं ते उत्तर वहीत लिहा, मी कुणाला रागावणार नाही. मग ती बाकांमधून फिरली. निम्म्या मुलांनी वर वर आणि खाली खाली मिळवून दोन पंचमांश लिहिलं होतं. तिने तेच उत्तर फळ्यावर लिहिलं. चूक आहे असं म्हटलं नाही. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या काढल्या, एकीची अर्धी घडी घातली, दुसरीचे पाच समान भाग करून दोन रंगवले आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. विचारलं, "आपण अर्ध्यात अजून भर घातली ना? मग उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" वर्ग गप्प झाला. मग खिडकीशी बसलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, तुकडे सारखे नाहीत." तिथून पुढे सहा समान भागांपर्यंत मुलं स्वतः गेली. तिला फारसं बोलावं लागलं नाही. आम्ही तिची निवड केली, आणि तिच्या वर्गातली मुलं आजही चुकीचं उत्तर लपवत नाहीत.

तुमच्या विषयात अशी जागा शोधा, जिथे मुलं हमखास चुकतात. भूगोलात मुलांना वाटतं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते. विज्ञानात जड वस्तू आधी पडते असं वाटतं. व्याकरणात कर्ता आणि कर्म उलटं होतं. ती चूक वर्गातून बाहेर काढा आणि मुलांनाच तिच्याशी भिडू द्या. वीस मिनिटांच्या पाठात एकच गोष्ट शिकवा. टाचण हातात असू द्या, पण डोळे मुलांवर. फळा डावीकडून उजवीकडे वापरा, अक्षर शेवटच्या बाकावरून दिसतंय का ते पाठाच्या आधी मागे जाऊन बघा. निवड समितीकडे बघून शिकवू नका. आम्ही मुलांचे चेहरे बघत असतो.

वाट बघतानाची कामं

भरती येईपर्यंत बसून राहू नका, पण मिळेल ते कामही धरू नका. असं काम धरा ज्यात मुलं तुमच्यासमोर असतील किंवा त्यांचं लिखाण तुमच्या हातात असेल.

विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जाणार असाल तर नेमणूक पत्र लेखी मागा, पगार बँकेत जमा होईल का विचारा, आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवू नका. छायाप्रती द्या. सोडताना अनुभवाचा दाखला घ्यायला विसरू नका, पुढे त्याच्यासाठी हेलपाटे मारावे लागतात. शहरात राहायची तयारी असेल तर टीच फॉर इंडिया या संस्थेची, शाळेत शिकवायची दोन वर्षांची फेलोशिप चांगली आहे, बी.एड. नसलं तरी चालतं आणि मानधन मिळतं. मुंबई-पुण्यात ती 2009 पासून आहे.

खाजगी क्लासमध्येही जागा असतात. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत शिकवणारा किमान पदवीधर असावा आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं म्हटलं आहे, ते माहीत असू द्या. पुढे शाळेत नोकरी लागली की खाजगी शिकवण्या बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 ने शिक्षकाला त्या करायला मनाई आहे.

मार्गदर्शकाचं, म्हणजे मेंटॉरचं काम अलीकडे वाढलं आहे आणि ते मला फार आवडतं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या क्लासेसना आता उत्तरं तपासणारी, विद्यार्थ्याशी दर आठवड्याला बसून बोलणारी माणसं हवी आहेत. स्वतः मुख्य परीक्षेपर्यंत गेलेली, पण निवड न झालेली कितीतरी हुशार मुलं आहेत. त्यांच्यासाठी हे सन्मानाचं काम आहे. माझा एक विद्यार्थी हेच करतो. उत्तरपत्रिकेमागे किंवा महिन्याने पैसे मिळतात, कसे ते आधी ठरवून घ्यावं.

हे काम मिळवायचं तर अर्जासोबत तुम्ही तपासलेली दोन-तीन उत्तरं जोडा. त्यावरूनच तुमची पारख होते. दुष्काळावरच्या उत्तराखाली "छान, अजून मुद्दे हवेत" असं लिहिलंत तर विद्यार्थ्याला काहीच मिळत नाही. "पर्जन्यछायेचा मुद्दा बरोबर, पण माण-खटाव, सांगोला यांपैकी एक तरी नाव हवं. तिसरा परिच्छेद पहिल्याचीच पुनरावृत्ती आहे, तो काढून तिथे उसाला लागणाऱ्या पाण्याचं लिही. पुढच्या उत्तरात प्रस्तावना तीन ओळींत संपव." असं लिहिलंत तर तो मुलगा आज संध्याकाळी अभ्यासिकेत बसून काय करायचं ते जाणतो. एका वेळी एकच सवय सुधारायला सांगा, आणि पुढच्या वेळी ती सुधारली का ते आठवणीने बघा. विद्यार्थी खचलेला असेल तेव्हा त्याला खोटी आशा दाखवू नका. वय, घरची परिस्थिती, उरलेल्या संधी यांवर त्याच्याशी खरं बोला.

महाविद्यालयाचं थोडक्यात

सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, आरक्षित वर्गाला 50 टक्के, आणि नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापक पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, दोन पेपर, 300 गुण. जुलै 2023 पासून थेट भरतीसाठी पीएच.डी.ची सक्ती नाही, तेव्हा केवळ नोकरीच्या आशेने पीएच.डी.ला बसू नका, संशोधनाची ओढ असेल तरच करा. कायम जागा मोजक्या निघतात आणि बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, वर्षानुवर्षं शिकवत राहतात. घेतलेल्या तासाचेच पैसे, तेही अनेकदा उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. इतक्या शिकलेल्या माणसांना असं वागवलं जातं याचा मला मनापासून राग आहे. सीएचबी करायचं तर विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र दरवर्षी हातात घ्या, आणि जोडीला बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयाचा रस्ता उघडा ठेवा.

कागदपत्रं आजच काढा

जात वैधता प्रमाणपत्र, मुदतीतलं नॉन-क्रीमिलेअर, अधिवास, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, टीईटीचं प्रमाणपत्र, हे एका फाइलमध्ये लावा आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची पडताळणीच्या दिवशी सगळ्यात जास्त धावपळ होते. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद दोन्ही जवळ ठेवा. जात वैधतेला महिने लागतात, म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतानाच तो अर्ज टाका आणि पोचपावती त्याच फाइलमध्ये लावा.